तेवीस नंबरची नळी

कृष्णातनं कागद टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखा तो लगेच वळला नाही, तेव्हाच इरावतीला काहीतरी खटकलं. गुरुवारची दुपार होती. ओपीडीतली शेवटची माणसं पांगली होती, आणि ती डब्यातली गार भाकरी मोडत एका बाईच्या जबड्याचा एक्स-रे उजेडाकडं धरून बघत होती. "मॅडम, सगळं झालं. एकाहत्तर नमुने," कृष्णात म्हणाला. प्रयोगशाळेतल्या बारा वर्षांच्या नोकरीत त्याला घाईनं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "साठ जणांची प्रतिकारशक्ती चांगली हाय. दहा जणांना लस परत द्याय लागंल. पण हे एक..." त्यानं कागदावर बोट टेकवलं. "हे पॉझिटिव्हच आलंय बघा. म्हंजी लस लागू झाली न्हाय असं न्हवं, विषाणूच हाय रक्तात. तेवीस नंबर. म्हटलं किट खराब असंल, म्हणून दोनदा लावलं. तेच." तिनं एक्स-रे खाली ठेवला. "यादीत बघायचं का, कुणाचा हाय?" त्यानं विचारलं. "मी बघते. तू जा जेवायला," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका सरळ कसा काय निघाला याचंच तिला नवल वाटलं. यादी तिच्या कपाटात होती, किल्ली तिच्या पर्समध्ये होती. पण कपाट उघडायची गरजच नव्हती. रक्त घ्यायच्या दिवशी सगळे ओळीनं बाकावर बसले होते, बावीस नंबर क्रांती सिस्टरांचा होता, चोवीस खुद्द कृष्णातचा, आणि त्या दोघांच्या मधे बाही वर करून, "घ्या, आता माझंबी सांडा," म्हणत हसत बसलेली ती स्वतः होती.

हा अभ्यास तिचाच होता. चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांच्या विभागात काम करणाऱ्या माणसांना कामाला लागताना काविळीची, हिपॅटायटिस बीची लस देतात, आणि पुढं त्या लसीचं अंगात काय झालं हे कुणी विचारत नाही. लस घेतल्याचा दाखला फायलीला लावला की माणूस सुरक्षित. आणि इथं तर धोका रोजचा. मोडलेला जबडा बांधायचा तो पोलादी तारेनं. दातांभोवती तार गुंडाळायची, पिळायची, कापायची, आणि कापलेलं ते टोक हातमोजा फाडून बोटात कधी घुसतं ते कळतसुद्धा नाही. वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी. तिनं आपल्या डाव्या हाताचं पहिलं बोट अंगठ्यानं चाचपून पाहिलं. पेरावरची कातडी जाड झाली होती, शिवणकाम करणाऱ्या बायकांची होते तशी. हे बोट आजवर किती तोंडांत गेलं असेल? सतरा वर्षं. रोजची दोन-तीन माणसं धरली तरी हिशेब लागेना, आणि लागेना म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, तोवर भाकरीचा तुकडा वाळून कडक झाला.

संध्याकाळी गाडी शिवाजी पेठेत अडकली. कुठल्यातरी तालमीच्या फुटबॉल संघानं सामना जिंकला होता, रस्ताभर गुलाल आणि हलगी. एका माणसानं बॉनेटवर थाप मारून "पावणं, गाडी मागं घ्या की जरा!" म्हणून ओरडून सांगितलं आणि काचेतून बाई दिसल्यावर ओशाळून हात जोडले. मागं घ्यायला जागा नव्हती. ती गाडी बंद करून बसून राहिली. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आईच्या पोटात पाणी व्हायचं, दर पंधरा दिवसांनी ते काढायला दवाखान्यात न्यायचं, आणि परत येताना रिक्षात आई दोन्ही हातांनी पोट धरून, "आता हलकं वाटतंय गं," असं म्हणायची. शाळेत गणित शिकवणारी बाई, फळ्यावर सरळ रेघ पट्टीशिवाय मारायची. शेवटी तिला खडू धरवेना. यकृत खराब झालंय, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं, का ते कुणी शोधलं नाही. थोरल्या भावाच्या, अभिरामच्या जन्माच्या वेळी आईला फार रक्तस्राव झाला होता, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण अभिरामला रागं भरताना आई तेच सांगायची. त्या काळात रक्त कोण तपासत होतं? इरावती त्यानंतर चार वर्षांनी जन्मली. म्हणजे ते तिच्या रक्तात जन्मापासून आहे. पुढं कॉलेजात तीन वेळा घेतलेली लस म्हणजे चोर घरात निजलेला असताना दाराला लावलेली कडी. त्रेचाळीस वर्षं ते तिच्यासोबत जेवत होतं, झोपत होतं, परीक्षा देत होतं, हातमोजे घालत होतं, आणि तिला एक दिवस ताप आणण्याइतकीही ओळख त्यानं दिली नव्हती. स्वतःच्या अंगाविषयी इतकं परकं तिला कधी वाटलं नव्हतं. हलगी अगदी काचेशी आली, गुलालाची मूठ काचेवर पसरली, आणि त्या लाल धुरळ्यात, का कोण जाणे, तिला आकाराम आठवला.

आकाराम गारगोटीच्या पुढच्या एका गावचा, ट्रॅक्टरवर ऊस वाहणारा. तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात ऊस उतरवताना ट्रॉलीचा मागचा लोखंडी फाळका सुटून त्याच्या तोंडावर बसला आणि खालचा जबडा दोन जागी मोडला. भूल द्यायच्या आधी तो फुगलेल्या तोंडानं कसंबसं म्हणाला होता, "बाई, मिशी तेवढी ऱ्हाऊ द्या." मिशी ठेवली होती तिनं. शेवटची तार पिळताना टोक निसटून तिच्या बोटात खोल गेलं. हातमोज्याच्या आत गरम ओल जाणवली, पण हाडाचे तुकडे नुकते जुळले होते, हात सोडला असता तर पुन्हा सगळं सुरू करावं लागलं असतं, म्हणून तिनं ते अर्धं मिनिट तसंच धरलं. अर्धं मिनिट, की पाऊण? मग हातमोजे बदलले. नियमाप्रमाणं तक्ता भरला: कुणाला टोचलं, कुणाचं रक्त होतं, त्या पेशंटचा तपास काय. आकारामचा तपास निगेटिव्ह होता. सुटले, असं तिला वाटलं होतं. तक्त्यात एकच दिशा होती. पेशंटकडून डॉक्टरकडं. उलट्या बाजूचा रकानाच नव्हता.

दीड महिना त्याचा जबडा बांधलेला होता. नळीनं दूध, आंबील. तपासायला यायचा तेव्हा मुलीची लहानपणची पाटी घेऊन यायचा आणि तिच्यावर लिहून बोलायचा. एकदा लिहिलं, मटणाचा रस्सा गाळून घेतला तर चालंल का. सगळी ओपीडी हसली होती. तारा काढल्या त्या दिवशी त्यानं तोंड मोठं उघडून दाखवलं आणि "आ" म्हणाला, आणि त्याची बायको चिमणाबाई पदर तोंडाला लावून रडली. पुढच्या महिन्यात तो आला तो पिवळे डोळे घेऊन. अकरा दिवस. यकृतानं काम सोडलं, तो बरळायला लागला, मग शांत झाला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी एका तरुण डॉक्टरनं चिमणाबाईला तीनदा विचारलं, "पीत होते का? खरं सांगा." तिनं तिन्हीदा मान हलवली, "थेंब न्हाय ओ." बापानं पिऊन घर बुडवलं म्हणून आकारामनं आयुष्यभर दारूला हात लावला नव्हता, हे इरावतीला माहीत होतं, त्यानंच पाटीवर लिहिलं होतं. ती तिथंच, चार हातांवर उभी होती. बोलली नाही. दुसऱ्या विभागाचा पेशंट होता आता. कागदावर त्या डॉक्टरनं 'मद्यपान?' असं लिहिलं. मग तपासात हिपॅटायटिस बी निघाला, गावातल्या कुठल्यातरी सुईनं झालं असेल असं सगळ्यांनी ठरवलं, घरच्यांची तपासणी करावी असंही कुणीतरी शेवटच्या कागदावर खरडलं, पण मयताचा कागद घरी नेऊन कोण वाचतं? आणि तिनं काय केलं होतं? तार टोचल्याचं आठवून घाबरून त्याच दिवशी लसीचा एक जादा डोस दंडात घेतला होता. स्वतःसाठी. आणि निर्धास्त झाली होती.

रस्ता मोकळा झाला होता. मागची माणसं हॉर्न वाजवत होती, किती वेळ कोण जाणे.

शुक्रवारी तिचं पहिलं ऑपरेशन साडेनवाला होतं. हात धुवायच्या नळाशी ती उभी राहिली, कोपरानं नळ उघडला, साबण लावला, बोटांच्या फटी घासल्या, नखं घासली. पाणी वाहत राहिलं. ती धूत राहिली. कातडी पांढरी पडून सुरकुतली तरी नळाखालचा हात तिला मागं घेववेना. आत टेबलावर एक बाई होती, नवऱ्याच्या मोटारसायकलवरून पडलेली, तिचं नाव इरावतीनं वाचलं होतं आणि आता काही केल्या आठवत नव्हतं. कुणालाच काही माहीत नाही, असं आतून कुणीतरी अगदी समजूतदारपणे सांगत होतं. यादी तुझ्याकडं आहे. तेवीस नंबर म्हणजे नोकरी सोडून गेलेला कुणी वॉर्डबॉय. नळी फुटली म्हण. औषधं सुरू कर, सहा महिन्यांत विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, पुस्तकात लिहिलंय. हे सगळं जमण्यासारखं होतं, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. क्रांती सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, किती धुताय? भूल चढली की पेशंटला." तिनं हात वरच धरून, पाणी कोपरांवरून निथळत असताना सांगितलं, "सिस्टर, माझ्याच्यानं व्हायचं नाही आज. सरांना बोलवा." मग खुर्चीवर बसली, आणि हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना.

विभागप्रमुख डॉक्टर विजयसिंह यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं, आणि बराच वेळ टेबलावरचा जबड्याचा साचा उघडत-मिटत बसले. तिला त्यांनीच शिकवलं होतं. "हे बघा इरावती," शेवटी ते म्हणाले, "उपचार घ्या. सहा महिने ऑपरेशन बंद, मी सांभाळतो. इथवर सगळं नियमात बसतं. पण त्या माणसाचं उकरून काय मिळणार? तुमच्यामुळंच झालं हे कोण सांगणार?"

"सांगता येईल, सर. त्याचं रक्त आहे आपल्याकडं."

त्यांनी साचा खाली ठेवला. कोरोनानंतर विभागात आणखी एक संशोधन चाललं होतं, भरती होणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात कोरोनाविरुद्ध किती ताकद आली आहे ते पाहण्याचं, आणि त्या सगळ्या नळ्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या होत्या. आकारामच्या दोन होत्या. एक जबडा बांधण्याआधीची, एक काविळीतली.

"आणि जुळलं तर?" ते म्हणाले. "सतरा वर्षांचे पेशंट बोलवायचे? एकेकाला? पेपरवाले दारात बसतील. तुमचं नाव राहील का? माझं राहील का?"

"त्याची बायको आहे सर. तिला झालं असेल तर? तिला कुणीच बघितलेलं नाही."

ते खिडकीकडं गेले. "मी अडवत नाही," पाठमोरेच म्हणाले. "पण सही माझी मागू नका." दोन दिवसांनी, न मागता, त्यांनी सही करून कागद कृष्णातच्या हाती पाठवला. त्यावर त्या दोघांत पुढं कधीच बोलणं झालं नाही.

नमुने, आकारामचे आणि तिचे, पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेत गेले. उत्तर यायला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत इरावती रोज वेळेवर कामावर गेली. ओपीडीत बसायची, एक्स-रे बघायची, विद्यार्थ्यांना तार कशी पिळायची ते प्लास्टरच्या साच्यावर दाखवायची. रोज एक गोळी. अभिरामला फोन केला, त्यानं तपासून घेतलं, त्याचं निगेटिव्ह आलं. "माझ्यामुळं आईला, आईमुळं तुला," असं तो फोनवर म्हणाला. घरी भाजी चिरताना बोट कापलं तेव्हा ती कितीतरी वेळ त्या लाल थेंबाकडं बघत राहिली. तो इतर कुणाच्याही थेंबासारखाच होता. आईविषयी राग येतो का, हे तिनं मनात चाचपून पाहिलं, यायचा नाही. फक्त रिक्षातलं ते "हलकं वाटतंय गं" कानात यायचं, आणि आपण त्या वेळी परीक्षेचं पुस्तक उघडून बसलो होतो, हेही.

जुळलं. पहिल्या नळीत विषाणू नव्हताच. दुसऱ्या नळीतला आणि तिच्यातला एकाच घराण्यातला, इतका जवळचा की शंकेला जागा नाही, असं पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर शास्त्रीय भाषेत सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "सॉरी, डॉक्टर." त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या समितीपुढं तिनं सगळं लेखी दिलं. जुन्या पेशंटांना तपासणीला बोलवायचं ठरलं. पत्रं निघायला लागली. समितीनं चिमणाबाईलाही पत्रच धाडायचं म्हटलं. इरावती म्हणाली, मी जाते.

रविवारी ती कृष्णातला घेऊन निघाली. गारगोटीचा बाजार मागं पडला, पुढं रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचा पाला जळत होता. चिमणाबाई गोठ्यात होती. तिनं लगेच ओळखलं. "जबड्याच्या बाई न्हवं?" म्हणाली, आणि बसायला घोंगडं टाकलं. वर्षाराणी, पाटीवाली ती मुलगी, आता वीस वर्षांची, पाण्याचा तांब्या ठेवून दाराआड उभी राहिली. इरावतीनं वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. तिनं नुसतं सांगितलं. तार टोचली. माझं रक्त त्यांच्या जखमेत गेलं. माझ्या अंगात ही कावीळ जन्मापासून होती, मला माहीत नव्हतं. ती त्यांना माझ्यापासून झाली.

चिमणाबाई म्हशीच्या दाव्याशी चाळा करत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजी दारूनं न्हाय?"

"नाही. दारूचा संबंधच नव्हता."

"तवा का न्हाय बोललासा? मी तीनदा सांगितलं त्या डागदराला. तुमी हुबा व्हता की तितं."

चिमणाबाईचा आवाज चढला नव्हता, तो उलट खाली गेला. "तीन वरसं झाली. सख्खा दीर माजा, ज्ञानू, दूध संस्थेत बसून सांगतोय, आमचा आकाराम चोरून प्याचा म्हणून. दवाखान्याच्या कागदावर लिवलंय म्हनतोय. ह्या पोरीची सोयरीक मोडली त्याच्यापायी. दारुड्याची लेक नगं म्हनले." दाराआडून हुंदका आला. चिमणाबाई उठली, हात पदराला पुसले. "चला. आत्ता दुधाची येळ हाय. समदी असत्यात. माज्या म्होरं बोललासा त्ये तितं बोला."

संस्थेच्या शेडमध्ये पंचवीस-तीस माणसं किटल्या घेऊन रांगेत होती. टेबलामागं ज्ञानू मशीनवर दूध तपासून फॅटचे आकडे सांगत होता. चिमणाबाई रांग सोडून सरळ पुढं गेली आणि म्हणाली, "मशीन बंद कर. ह्या डागदरीनबाई काय सांगत्यात त्ये ऐक." मशीन बंद झालं. इतक्या चेहऱ्यांपुढं इरावती कितीदा बोलली होती, परिषदांत, वर्गांत. पण इथं तिला जाणवलं की आपण त्यांचे जबडे बघतोय, सवयीनं, आणि डोळ्यांकडं बघवत नाहीय. मग तिनं डोळ्यांकडं बघितलं आणि बोलली. आकारामनं दारू कधीच घेतली नव्हती. त्यांना कावीळ माझ्या हातून झाली. कागदावर जे लिहिलं ते चूक होतं, आणि मला ते चूक आहे हे माहीत असून मी गप्प बसले. शेवटचं वाक्य ती बोलणार नव्हती, पण ते निघालं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ज्ञानू वहीकडं बघत राहिला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग मागून कुणीतरी बाई मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंस न्हवं, ज्ञानू? आता ह्येबी सांगत जा बसून," आणि रांगेत किटल्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

घराच्या कट्ट्यावर इरावतीनं पेटी उघडली. तुमच्या दोघींचं रक्त तपासायला हवं, असं तिनं आधीच समजावून सांगितलं होतं. रबरी पट्टा तिच्या हातात होता. चिमणाबाईनं बाही वर सरकवली, हात पुढं केला, आणि इरावती वाकली तसा मागं घेतला.

"तुमी न्हाय," ती म्हणाली. "रगात देतो मी. पर तुमच्या हातानं न्हाय. ह्येस्नी घिऊ द्या."

इरावतीनं पट्टा कृष्णातकडं दिला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. समोर जळत्या पाल्याचा धूर शेतांवरून सपाट पसरत होता. पाठीमागं कृष्णात हळू आवाजात म्हणत होता, "मूठ आवळा मावशी. झालं. झालं बघा." कट्ट्यापासून ती पाच पावलांवर होती.

बुधवारी निकाल आला. वर्षाराणीचं साफ होतं. चिमणाबाईच्या कागदाशी कृष्णात पुन्हा एकदा घुटमळला. "मॅडम, ह्यांना होऊन गेलंय. विषाणू आता न्हाय. पण प्रतिकारशक्ती बघा, दहा असली तरी पुरते. ह्यांची आठशे चाळीस. आपल्या एकाहत्तर जणांत एवढी कुणाची न्हाय." त्यानंच फोन लावून दिला. फोन वर्षाराणीनं उचलला, मग आईला दिला. इरावतीनं सोप्या शब्दांत सांगितलं: आकारामकडून तुम्हालाही तो आजार झाला होता, पण तुमच्या अंगानं तो परतवून लावला, आता कधीच होणार नाही, काळजीचं कारण उरलेलं नाही.

पलीकडं म्हैस हंबरली.

"कवा झालता म्हनता?" चिमणाबाईनं विचारलं.

"ते गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांत असेल. तुम्हाला काही त्रास झाला होता का?"

"झालता की. आखितीच्या सुमाराला. म्हैनाभर अन्न ग्वाड लागंना. अंग मोडून आल्यालं, उठवंना. डोळं पिवळं झाल्यालं, ही पोरगी म्हनायची, दवाखान्यात चल. मी न्हाय गेलो. मला वाटलं, मानूस गेल्यावर असंच हुतंया."